उज्माला चार्ज देताना

बस. खुर्ची डावीकडे कलते, आधी तेवढं लक्षात ठेव.
पासवर्ड कागदावर नाही देणार.
मागचा कागद भांडी गुंडाळायच्या रद्दीत गेला
आणि सिन्नरच्या कुणा नव्या संसारात
पातेल्यासोबत आपली किल्लीही नांदायला गेली.

हा डॅशबोर्ड. वर लाल टिंबात सात दिसतात ना,
ते अपडेट. टिंब दिसलं की बोट शिवशिवतं.
आवर. आधी बॅकअप.
तू कोकणीपुऱ्यातली, तुला काय सांगायचं:
गंगापूरचं पाणी सोडल्याची बातमी आली
की अख्खा भांडी बाजार दुतोंड्या मारुतीकडे बघतो.
गुडघ्याला पाणी, म्हणजे तळातला माल वर.
कमरेला, म्हणजे शटर खाली नि माणसं माळ्यावर.
छातीला लागेपर्यंत थांबणारा
पुढचे दोन महिने हंड्यांतला गाळ काढतो.
मी काढलाय. हंड्यांतला नाही, डेटाबेसमधला.
एक बुधवार, एक प्लगइन, पांढरीफटक स्क्रीन
आणि मागे उभे राहून शेठ विचारतायत,
"दुकान कुठं गेलं?"

बॅकअप त्याच सर्व्हरवर नको ठेवूस,
माळा शेवटी त्याच घराचा असतो.
एक प्रत नदीपलीकडे, पंचवटीत. कळलं ना, काय म्हणतोय ते?
महिन्यातून एकदा उघडूनही बघ;
न उघडलेला बॅकअप ही नुसती श्रद्धा.

फोटो. निवृत्ती थेट मोबाईलमधून टाकतो,
एक तांब्या, आठ एमबी.
पेठ रस्त्याला, करंजाळीकडे, रेंजची एकच काडी.
तिथं तांब्या गळ्यापर्यंत उतरतो
आणि पोट यायच्या आत गिऱ्हाईक उठून जातं.
लहान कर, मग चढव. खाली नाव लिही:
"ठोक्याचा तांब्या, दीड लिटर."
ज्याला दिसत नाही, त्याचा फोन ते वाचून दाखवतो.

पानाचा पत्ता एकदा दिला की बदलू नकोस.
बदललाच तर जुन्या दारावरून नव्याकडे वाट लाव.
दुकान हललं तेव्हा नाही का,
खडूनं भिंतीवर बाण काढला होता आपण.

सगळ्यांना ॲडमिन करायचं नाही.
शेठच्या भाच्यालाही. विशेषतः त्याला.

आता हे बघ. युजर्समध्ये तिसरं नाव.
मुरलीधर तांबट.
चाळीस वर्षं ठोके घातले. कान गेले,
तरी ठोका चुकला की हाताला ऐकू यायचं त्यांच्या.
दुपारी याच खुर्चीत, असेच डावीकडे कलून,
एका बोटानं टाईप करत बसायचे:
कल्हई कधी करावी, चिंच किती चोळावी,
घंगाळाचा कान का तुटतो.
बावन्न पानं. निम्मं गिऱ्हाईक आजही त्याच दारानं आत येतं.

त्यांचे दिवस झाल्यावर मी खातं काढायला घेतलं.
(जुनी खाती उघडी ठेवायची नसतात, हेही लिहून घे.)
तर यंत्रानं विचारलं,
या व्यक्तीच्या मजकुराचं काय करायचं?
सगळा काढून टाका.
किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावर करा.
इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं,
त्यांच्या दोन्ही मुलांनी ऐरणीवरून भांडण मांडलं तेव्हासुद्धा.
बराच वेळ बसलो. मग "रद्द करा" दाबलं.
पासवर्ड बदलला, अधिकार काढले,
नाव राहू दिलं.

सोमवारी माझं खातं काढशील. काढच, नियम आहे.
तोच प्रश्न येईल.
माझी पानं म्हणजे दरपत्रकं नि दिवाळीच्या सुट्ट्या,
घे तुझ्या नावावर. पहिल्या पर्यायाला हात लावू नकोस.
एक ड्राफ्ट सापडेल, शीर्षक नसलेला.
वाच, नाहीतर नको वाचूस.
प्रसिद्ध करू नकोस, एवढंच.

चहा सांगितलाय.
घे, तुझा पासवर्ड टाक आता.
मी भिंतीकडे बघतो.